मुंबई पहिलं, पुणे तिसरं

गडमुडशिंगी,
३ जुलै २०२५

ती. बनाआत्तीस,
स्वप्नालीचा साष्टांग नमस्कार. शाळेत पत्रलेखनाला पाच मार्क असायचे, तेव्हा हे वाक्य शंभर वेळा लिहिलं होतं. खऱ्या पाकिटात घालून आज पहिल्यांदाच पाठवते आहे.

अक्षर ओळखलंस का? नसशील ओळखलं, सहा वर्षांत ते बरंच सुधारलंय. तुला चष्मा लागतो म्हणून मुद्दाम मोठं लिहिते आहे, तेव्हा पानं जास्त झाली तर मला बोलू नकोस. फोन केला नाही, कारण आमच्या घरातला कुठलाही नंबर दिसला की तू कट करतेस. पत्र कट करता येत नाही. फार तर फाडून टाकता येतं, पण तू आधी वाचशील हे मला माहीत आहे. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा तू वाचल्याशिवाय टाकत नाहीस.

तर बातमी अशी की मी लॉ करणार! बारावीनंतरचं पाच वर्षांचं. सीईटीचा निकाल लागला आणि आमच्या कॉलेजच्या संयोगिता मॅडम स्वतः स्टाफरूममधून बाहेर येऊन म्हणाल्या, "स्वप्नाली, आता कॉलेज तुला निवडणार नाही, तू कॉलेज निवडायचंस." आत्ती, मी तिथेच जिन्यावर बसले. हसू आवरत नव्हतं.

पप्पांनी दूध संस्थेत जाऊन सगळ्यांना सांगितलं की पोरगी जज्ज होणार. आता गावात मला कोणी नावानं हाक मारत नाही. काल शेजारचे गुंडूतात्या दारात आले, म्हणाले, पलीकडच्यांची म्हैस माझ्या गवतात शिरते, तिला कुठलं कलम लागतंय बघ. मी म्हटलं, तात्या, अजून माझी ॲडमिशनच झालेली नाही. तर म्हणतात, "मग लवकर घे की. म्हस थांबती व्हय?"

आता खरं काम. ऑनलाइन फॉर्ममध्ये कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमानं भरायची असतात. एक नंबर, दोन नंबर, असं. तो क्रम एकदा पक्का केला की बदलत नाही. वहीत मी तीन रकाने आखलेत: कोल्हापूर, पुणे, मुंबई. कोल्हापूरच्या बाजूनं माझी मैत्रीण मोना आहे. तिचं म्हणणं, तू गेलीस तर केएमटीच्या बसमध्ये माझ्यासाठी जागा कोण धरणार. आईलाही कोल्हापूरच हवंय, पण ती तसं म्हणत नाही. फक्त रोज मला आवडतं ते कालवण करते.

पुणं मी बघितलंय. मॅडम आम्हा बारा जणींना डिसेंबरात तिथलं एक लॉ कॉलेज दाखवायला घेऊन गेल्या होत्या. आत्ती, काय सांगू तुला. ग्रंथालयात शिरल्यावर आम्ही बाराही जणी एकदम गप्प झालो, आणि तू आम्हाला ओळखतेस. खिडक्या ह्या एवढ्या उंच. मुलं-मुली झाडाखाली बसून भांडत होती, मला वाटलं खरंच भांडतायत, तर तो त्यांचा अभ्यास होता. मग त्यांनी आम्हाला अभिरूप न्यायालय दाखवलं. म्हणजे खोटा खटला, पण वकिली खरी. माझ्याच उंचीची एक मुलगी काळा कोट घालून उभी होती आणि न्यायाधीश झालेल्या सरांना म्हणत होती, "माझं म्हणणं अजून संपलेलं नाही." आणि सर थांबले! मधे एकदा त्यांनी तिलाही अडवलं. म्हणाले, तुम्ही हे पान वाचताना मधल्या चार ओळी सोडल्यात, त्या वाचा. मला एकदम तहान लागली म्हणून मी पाणी प्यायला बाहेर गेले. परत आले तेव्हा ती जिंकली होती. कॅन्टीनचा वडा मात्र आपल्याकडच्या कटवड्यापुढे काहीच नाही, तेवढं एक पुण्यानं सुधारायला हवं.

मुंबईचं मी बघितलेलं नाही. मोठं आहे म्हणतात.

तर माझा क्रम असा: मुंबई पहिलं, कोल्हापूर दुसरं, पुणे तिसरं. वीस तारखेला फॉर्म बंद होईल. माझं पहिलीत नाव घालायला तूच मला हाताला धरून नेलं होतंस, आई सांगते मी तुझा पदर सोडत नव्हते. म्हणून तुला विचारावंसं वाटलं. क्रम बरोबर आहे ना?

मामांना नमस्कार. उत्तर नाही दिलंस तरी मी समजून घेईन. पण दे.

तुझी (अजून म्हणू ना?)
स्वप्नाली

*

आजरा,
ता. ८ जुलै

स्वप्ने,
पत्र घावलं. तीनदा वाचलं. कारखान्यातनं आल्या आल्या लिवाय बसलीया, हाताला काजूचं त्याल हाय, कागद काळा झाला तर नाक मुरडू नगंस. चार यत्ता शिकल्याली बाई हाय मी, चुका काडत बसू नगंस.

मी बरी हाय. तुझं मामा बी बरं हाईत. तू वकील हुणार म्हटल्यावर कारखान्यातल्या समद्या बायकांस्नी सांगितलं. भाची म्हणून सांगितलं.

आता तुझ्या नंबराचं. पुण्याचं पानभर कवतिक लिवलंस आन त्येला तिसरा नंबर. मुंबईचं एक वळ धड न्हाय आन तिला पयला. ह्ये कसलं गणित गं? माझा कृष्णात चार वर्सं झाली पुण्यात हाय, नोकरी लागलीया. तुला दादा हाय की तितं. आन एवढ्या लांबड्या पत्रात त्येचं नाव कुटंच न्हाय.

मला कळलं. त्यो कागद तू वाचून दावलास म्हणून तू त्येला त्वांड दावाय लाजतीस. आगं येडे, तू सहावीतलं प्वार. तुझ्या बानं, बाळासोनं दिलं त्ये वाचलंस, तुला काय कळत हुतं. माझं भांडाण माझ्या भावासंगं हाय. तुझ्यासंगं कवाच न्हवतं. कृष्णातला बी मी हेच सांगत आलीया, तिच्यावर राग धरू नगंस म्हणून.

पुणं पयलं घाल.

उद्या तुझा वाढदिवस. अठरा भरली की. सायपाकात ग्वाड काय केलं त्ये कळीव.

तुझी आत्ती

*

गडमुडशिंगी,
१३ जुलै २०२५

प्रिय आत्ती,
तुझं पत्र आलं तेव्हा मी गोठ्यात होते. पोस्टमनच्या हातून ओढूनच घेतलं. पाकिटावर तुझ्या बोटाचा काळा ठसा होता, तो बघून आधी हसले, मग रडले, मग म्हशीनं लाथ मारली म्हणून बाहेर आले. वाढदिवसाला आईनं गव्हाची खीर केली होती. दोन वाट्या खाल्ल्या, एक तुझ्या वाटणीची.

पुण्याबद्दल तुझं म्हणणं शंभर टक्के खरं. मला पहिल्या दिवसापासून पुणंच हवं होतं. झोपेतसुद्धा मी "माझं म्हणणं अजून संपलेलं नाही" असं म्हणते, असं आई सांगते. मुंबई मी फक्त एवढ्यासाठी वर घातली की तिथे कृष्णातदादा नाही. माझी सायकल धरून जो मागे धावायचा, त्याच्यासमोर जाऊन मी काय बोलणार होते.

पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला गिळवत नाही. "तुला काय कळत हुतं."

आत्ती, मला कळत होतं.

आता सगळं सांगते, मधे थांबवू नकोस. आजोबा गेल्यावर वारसांची नावं लावायची आहेत, एवढंच सांगून पप्पांनी तुला रजिस्ट्रार ऑफिसला बोलावलं होतं. बाहेर लिंबाखाली बाकडं होतं. तू चष्मा घरी विसरली होतीस. पप्पा वाचून दाखवायला लागले तर तू म्हणालीस, तू नको रे, आमच्या स्वप्नीला दे, ती वाचनात तालुक्यात पहिली आलीय. मला किती भारी वाटलं होतं सांगू. कागद पप्पांनी धरला होता. मी मोठ्यानं वाचायला लागले. बाकड्यावरची अनोळखी माणसंही बोलायची थांबली. तिसऱ्या परिच्छेदावर पप्पांनी अंगठा ठेवला आणि हळूच म्हणाले, "एवढं सोडून वाच."

अंगठा येण्याआधीच माझी नजर त्यावरून गेली होती. त्यात लिहिलं होतं की मी बनाबाई, माझ्या वडिलांच्या जमिनीतला माझा हक्क व हिस्सा माझ्या भावाच्या नावे स्वखुशीने कायमचा सोडून देत आहे. हक्क म्हणजे काय ते मला माहीत होतं. नागरिकशास्त्रात त्याच महिन्यात झालं होतं. कुणाचं काय जातंय तेही कळलं. पण तिथे थांबले असते तर वाचन अडखळलं असतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला अडखळायचं नव्हतं. म्हणून मी चौथा परिच्छेद वाचला. छान वाचला. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि सही केलीस.

सातबाऱ्यावर आपलं नाव नाही हे तुला सहा महिन्यांनी कळलं. तू येऊन अंगणात उभी राहिलीस, पप्पांना एकच विचारलंस, "मला इचारलं का न्हाईस?" आणि पाणीही न पिता गेलीस. मी आतल्या खोलीत होते. मला वाटलं तू मलाही बोलवशील. बोलवलं नाहीस. आता कळतंय का ते. तू मला वाचवत होतीस.

लॉ का करायचं, असं संयोगिता मॅडमनी सगळ्यांना विचारलं होतं. मी सांगितलं, काळा कोट आवडतो. सगळ्या हसल्या. खरं कारण हे आहे, आणि आज पहिल्यांदा तुला सांगते आहे.

परवा ॲडमिशनची कागदपत्रं काढायला कपाट उघडलं. आपल्या घरात सगळे कागद एकाच प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये असतात, तुला माहीतच आहे. माझ्या दहावीच्या मार्कलिस्टच्या खाली तो होता. पप्पा डेअरीतून येऊन चहा घेत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले. तिसरा परिच्छेद आला. पप्पा म्हणाले, बास कर. मी केलं नाही. अखेरच्या साक्षीदाराच्या नावापर्यंत वाचलं. आई चुलीपाशी उभी राहून ऐकत होती.

मग पप्पा म्हणाले, "मग त्ये त्या दिवशी का न्हाय वाचलंस?"

आत्ती, मला वाटलं होतं ते ओरडतील. त्याची मी तयारी केली होती. ह्याची नव्हती. मी म्हणाले, "तुमचा अंगठा होता त्यावर." दोन दिवस झाले, ते माझ्याशी बोललेले नाहीत. दूध संस्थेत आता जज्जाचा विषयही काढत नाहीत, असं गुंडूतात्या म्हणाले. पण काल संध्याकाळी फाइलवर त्या कागदाची झेरॉक्स ठेवलेली दिसली. दोन प्रती. काढून आणणारे तेच, मी सांगितलं नव्हतं. एक प्रत सोबत पाठवते आहे. तिसरा परिच्छेद मी लाल पेनानं अधोरेखित केलाय. चष्मा लावून तूच वाच.

मॅडमना मी नावं न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, फसवून घेतलेल्या सहीबद्दल कोर्टात जाता येतं, पण त्याला मुदत असते, आणि ती कदाचित निघून गेली असेल. आधी चांगल्या वकिलाला कागद दाखवावा. मी वकील होईपर्यंत थांबू नकोस, मला पाच वर्षं आहेत. तू काय करायचंस ते मी सांगणार नाही. ह्या बाबतीत आमच्या घरातल्यांनी तुला आधीच पुष्कळ सांगून झालंय. तू भांडलीस तर मी साक्षीला येईन, पुण्याहून रातोरात गाडी पकडून येईन. नाही भांडलीस तरी येईन, आजऱ्याला.

हो, पुण्याहून. आज सकाळी फॉर्म पक्का केला. पुणे पहिलं. बटण दाबलं तेव्हा मोना शेजारी होती, ती रडली आणि मग तिनंच मिसळ खाऊ घातली. मला अजून खरं वाटत नाहीये. ते ग्रंथालय, त्या खिडक्या, ते झाडाखालचं भांडण! मी जाणार आहे, आत्ती. हे पत्र कृष्णातदादालाही दे. तू वाचून दाखवू नकोस, त्याला स्वतःला वाचू दे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नंतर त्यानं मला स्टेशनवर घ्यायला यायचं की नाही ते त्याचं तो ठरवेल. नाही आला तर मी रिक्षा करीन.

खाली "तुझी लाडकी" असं लिहिणार होते, लहानपणी लिहायचे तसं. ते तू परत म्हणशील तेव्हा लिहीन. अठरा पूर्ण झाल्यावर माणसाच्या सहीला किंमत येते म्हणतात. माझी पहिली सही मी फॉर्मवर नाही, इथे करते आहे.

मी, स्वप्नाली बाळासो चौगुले, वय वर्षे अठरा, राहणार गडमुडशिंगी, लिहून देते की, फेब्रुवारी २०१९ मध्ये माझी आत्या बनाबाई हिला कागद वाचून दाखवताना मी त्यातला तिसरा परिच्छेद गाळला. तो मला वाचता येत होता. तो मला कळला होता. हे मी कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर पूर्ण वाचून लिहून दिले आहे.

सही,
स्वप्नाली बाळासो चौगुले