पाळण्याच्या पुढे न गेलेले कीर्तन

भवानी पेठ, सोलापूर
नाताळचा दुसरा दिवस, १९२९

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी धाकट्या यज्ञेश्वरचा शिरसाष्टांग नमस्कार. (पाद्रीसाहेबांची याला हरकत नाही, मी पत्र कसे सुरू करतो हे त्यांनी अजून विचारलेले नाही.) बार्शीस वहिनी, मुले आणि विशेषतः आई खुशाल असतील. मी ठणठणीत आहे. बाप्तिस्मा घेतल्यापासून तुम्ही माझ्या एकाही पत्राला उत्तर दिले नाही, तेव्हा तुमचीही प्रकृती उत्तम असावी. आजारी माणूस निदान तक्रार तरी कळवतो.

काल देवळात (आमच्या, घंटा आहे, नंदी नाही) माझे कीर्तन झाले. वडिलांची ढब अंगात मुरलेली, म्हणून दर नाताळला चिपळ्या माझ्याच हाती येतात. विषय नेहमीचा : माणसांवरच्या प्रेमापोटी देवाने आपला मुलगा दिला. पूर्वरंगात जन्म, उत्तररंगात क्रूस. आमची मंडळी जेवणाचा वास आला की उत्तररंगातून उठतात, म्हणून यंदा मी पेठेतल्या विणकर बायांना आवतण दिले. चूक एवढीच, की देवाच्या मुलाच्या जन्माचे कीर्तन आहे असे सांगून मी थांबलो.

दादा, जन्माचे कीर्तन म्हटल्यावर कोणती बाई हात हलवत येईल? पुढे पार्वतम्मा (माझी शेजारीण, मागाच्या खटखटाटातही जिचा आवाज ऐकू येतो) आणि मागे सारी आळी. नव्या लुगड्याची झोळी दोन खांबांना बांधली, कुंचीत नारळ गुंडाळून आत निजवला. पाद्रीसाहेबांना वाटले, नारळ आपल्यालाच आहे. ते आभार मानायला उठले, त्यांना बसवावे लागले. मी जन्मापाशी येतो न येतो तोच बायांनी फुले उधळली, पाळणा अर्धा तेलुगूत, अर्धा मराठीत म्हटला आणि सुंठवडा वाटला. साहेबांनी दोनदा घेतला.

मग मी घसा साफ करून क्रुसाकडे वळलो. पार्वतम्मा झोळीची दोरी धरून उभी राहिली.

“मास्तर, पोर आत्ता कुटं डोळं मिटतंय, आन तुमी त्याला मारायला निघाला व्हय?”

मी समजावले, की ते पुढे, मोठेपणी. बापाने जगासाठी त्याला दिले.

“बापानं दिलं. आईला इचारलं व्हतं का?”

इतकी वर्षे ती कथा मी चिपळ्यांच्या तालावर सांगत आलो, पण मुलगा गेल्यावर मागे घरात काय उरले असेल, हा विचार मनाला शिवला नव्हता. देवाने तरी आपणहून दिला. आपल्या आईला कुणी विचारलेच नाही. कीर्तन पाळण्यापाशीच आवरले. साहेब अजून घुश्शात आहेत.

जेवणे होऊन मंडळी आपापल्या बिऱ्हाडी गेली. पार्वतम्माने उरलेला सुंठवडा ‘घरच्यांना द्या’ म्हणून बांधून दिला. खोलीवर येऊन तो मीच खाल्ला. फार एकटे वाटले, दादा. एरवी तसे काही नाही. मला कशाचीही गरज नाही. हे पत्र केवळ खुशाली कळावी म्हणून.

आपला
यज्ञेश्वर

ता. क. : येत्या सोमवारी शाळेच्या कामासाठी बार्शीस येत आहे. घराची पायरी चढणार नाही, काळजी नसावी. सकाळी आईला तेवढे ओट्यावर उन्हात बसवावे. मी समोरच्या रस्त्याने जाईन.

आणखी : शाळेला सुट्टी आहे. काम काही नाही.

आणखी एक : तिने हाक मारली तर मात्र मी थांबेन. हे विचारत नाही, कळवतो आहे.