अकरापैकी दोन गुण

मुर्री, २० जुलै २०११

तीर्थरूप रुख्माबाईच्या पायांवर धाकट्या भावाचं, चैतरामचं डोकं. (मनानेच ठेवतो आहे, पोट सध्या वाकू देत नाही.) धानाचा रोवणा आटोपला असेल. चिखलात उभं राहून तुझे गुडघे सुजले असतील, तेल चोळत जा. फोन लावला की सोनिका उचलते आणि आई शेतात, बांधीत आहे म्हणते. तीन वर्षं झाली, तू उन्हाळ्यातसुद्धा बांधीतच आहेस, म्हणून हे पत्र. तुला अक्षर येत नाही, तेव्हा हेही सोनिकाच वाचून दाखवणार. बेटा, मामाचा राग आला तरी मध्येच थांबू नको.

तर बाई, गेल्या महिन्यात मला स्वादुपिंडाची सूज आली. भाऊजी जिच्यात गेले तीच. ज्या अवयवाचं चित्र मी व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष म्हणून गावोगावच्या फळ्यांवर काढत हिंडलो, तो माझ्याच पोटात भडकला. बिसरामच्या नातवाच्या बारशात तेलात तळलेल्या सुवाऱ्या जरा जास्त झाल्या (किती ते विचारू नको, वाढणारी बाई मोजत होती) आणि संध्याकाळपर्यंत कळ अशी पाठीत घुसली की मला सरळ बसवेना आणि आडवंही होववेना. गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरसवदा, पण चौकशी पोलिसासारखी. दारू? नाही. बिडी? नाही. रक्तात चरबी? माहीत नाही. औषधं? बीपीची गोळी, तीही आठवली तर. शेवटी त्यांनी विचारलं, विंचू चावला होता का? म्हणे परदेशातल्या कुठल्याशा विंचवाच्या डंखानेही ही सूज येते. मला इतका आनंद झाला! विंचू म्हणजे अब्रूदार कारण. मी लगेच अठ्ठ्याहत्तर सालचा, खळ्यावरचा विंचू सांगितला. डॉक्टरांनी तो लिहूनसुद्धा घेतला नाही.

मग भेटायला लोक आले. बिसराम खाटेवर बसला, दार बंद आहे का पाहिलं आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, कोणती घेत होते जी?" मी म्हटलं, आयुष्यात थेंब नाही. त्याने मान डोलावली. "कायले लपवता जी? तुमीच तं सांगतलं होतं, हा रोग दारूचाच म्हून." मी शपथ घेतली, तर त्याने आणखी प्रेमाने मान डोलावली. बाई, ती मान मला ओळखीची वाटली. भाऊजी खाटेवर तळमळत म्हणाले होते, "मास्तर, सोनी झाली तवापासून हात नाई लावला जी." तेव्हा मी अगदी अशीच मान डोलावली होती.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी माझे गुण काढले. हा आजार कुणाला किती जड जाणार ते आधीच कळावं म्हणून साखर, पांढऱ्या पेशी, वय असं काय काय पाहून एकेक गुण देतात. मला अकरापैकी दोन. जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं काढली, एवढे कमी गुण पडले की मी पालकांना बोलावून घेत असे. मी वयाचा तरी एक गुण द्या म्हणून हुज्जत घातली. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, खडेवाल्यांना वयाचा गुण सत्तरीनंतर. आणि इथं जितके कमी, तितकी वाचण्याची आशा जास्त." म्हणजे माझ्या पित्ताच्या पिशवीत खडे होते, आणि त्यातला एक सरकून नळीत अडकला होता. आता पिशवीच काढून टाकली आहे. दारू नाही आणि विंचूही नाही. मी दोन गुणांवर नापास होऊन घरी आलो. भाऊजींना किती गुण पडले असतील, हा विचार सारखा येतो.

सौ. ओमेश्वरी पथ्याच्या नावाखाली मला उकडलेला दुधी खाऊ घालते आहे. बाकी ठीक. तुझ्या आणि सोनिकाच्या तब्येतीचं कळव.

तुझा,
चैतराम

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. फुलचूरच्या पाहुण्यांनी सोनिकाला पसंत केलं होतं आणि मग बाप दारूने गेला म्हणून पाय मागे घेतला. ते त्यांनी माझ्याच भाषणात ऐकलं होतं, पहिल्या रांगेत बसून. तू हो म्हणशील तर मी त्यांच्या घरी जातो आणि ते खोटं होतं म्हणून सांगतो. ज्या ज्या शाळेत भाऊजींचं नाव घेतलं, तिथेही जाऊन सांगतो. तू नाही म्हणालीस तरी जाणार आहे, पण तुला विचारल्याशिवाय नको वाटलं.

आणखी एक. भाऊजी जाण्याच्या दोन महिने आधी तू सोनोग्राफीचा कागद माझ्याकडे दिला होतास. तुला इंग्रजी वाचता येईना, म्हणून "कोन्या डाक्टरले दाखवून दे बाबू" म्हणाली होतीस. मी तो वाचला नाही, दाखवलाही नाही. भाऊजींना म्हटलं, काही नाही, दारू सोडा. या वेळी डॉक्टरांनी घरातले जुने कागद मागितले, तेव्हा ओमेश्वरीने पिशवीच आणून ठेवली, त्यात तो निघाला. त्यावर लिहिलं आहे, पित्ताशयात पाच खडे. डॉक्टर म्हणाले, वेळेवर काढले असते तर... पुढचं मी त्यांना बोलू दिलं नाही. तो कागद या पाकिटात आहे. तो तुझा आहे.

कागदाची मागची बाजू कोरी होती. वाया कशाला घालवायची म्हणून भाऊजींचं नाव घेतलेल्या पहिल्या भाषणाचे मुद्दे मी त्यावरच लिहिले होते. सोनिका, बेटा, कागद उलटू नको असं लिहिणार होतो. पण उलटून बघ, आणि तेही आईला वाचून दाखव.