हार घातलेले वासुदेवराव

२ मे १९९६
आज पिक्चरवाले माह्या फोटोच्या दुकानात आले! देवळीच्या कापसाच्या बंद जिनिंगमध्ये त्याईचं शूटिंग चालू आहे — त्या चुडैलच्या पिक्चरचा पाचवा भाग. आधीचे चारही मी पाह्यले आहेत. भिंतीवर लावाले त्याईले एका खानदानी म्हाताऱ्याचा मोठा फोटो पायजे होता. शोकेसमध्ये नाचणगावचे कापडवाले वासुदेवराव काकाजी आहेतच. काळी टोपी, पिळदार मिशा. माह्या हातचा सगळ्यात चांगला फोटो! काढला अन् देऊन टाकला. कायले पायजे, विचारलं नाई. काकाजीले तं नाईच विचारलं. घरी जिलेबी नेली. बायको, हर्षा, म्हणे, जसं काय तुम्हालेच हिरो केलं.

१७ जानेवारी १९९७
पिक्चर लागला. पुलगावचं अर्धं टाकीज आपल्याच लोकायनं भरलं होतं.
फोटोले हार! चंदनाचा. समोर दिवा, उदबत्ती. मंग चुडैल हासते अन् काकाजीच्या डोळ्यातून रक्त गळते. मागून कोणी तरी ओरडलं, "अबे, हे तं आपले वासुदेवराव!" शिट्ट्या वाजल्या. मी इंटरवललेच घरी आलो. जित्या माणसाच्या फोटोले हार, अन् तो फोटो मी दिला. जेवण गेलं नाई.

१९ जानेवारी
नाचणगावले गेलतो, माफी मागाले. काकाजी पोट धरून हासले. म्हणे, "मेल्यावरही रोज तीन शो करून राह्यलो, बावा! जितेपणी दुकान एवढं नाई चाललं." मले वाटलं, सुटलो.
काकू दारात उभ्या होत्या. यशोदाबाई. त्या हासल्या नाईत. काल त्या हळदी-कुंकवाले गेल्या होत्या, तं एका बाईचा हात त्याईच्या कपाळापाशी येऊन थांबला. जरासाच. मंग लावलं तिनं. पण थांबला होता. काकूनं मले एवढंच म्हटलं —
"माह्या कपाळाचं कुंकू पुसलं तू, प्रफुल."
मी पायावर डोकं ठेवाले वाकलो, तं त्याईनं पाय मागं घेतले.

२१ जानेवारी
काकूनं मंगळवार धरला. निर्जळी! काकाजीच्या आयुष्यासाठी, पिक्चरमधून फोटो निघत नाई तोवर. अन् बाईले साखरेची बिमारी. उपासाच्या दिवशी गोळीसुद्धा घेत नाई म्हणे. हर्षा रडली. मले म्हणे, काहीबी करा पण तो फोटो काढा.

४ मार्च
मुंबईले रजिस्टर पत्र टाकलं होतं, ते वापस आलं. पत्ता बदलला. एसटीडीवरून फोन लावला, तं कोणी तरी हिंदीत झापलं — कौनसा फोटो, कौनसा बुड्ढा, प्रिंट तो सब जगह चली गयी.
टाकीजच्या भैय्याजीपाशी गेलो. म्हटलं, तेवढा तुकडा कापा ना! तो माणूस वाईट नाई. म्हणे, "पुलगावात मी कापतो. नागपुरात कोण कापंल? अमरावतीत कोण कापंल?"
काकाजी तं गंमतच करून राह्यले. म्हणे, तिले उपासाचं निमित्तच पायजे होतं.

६ नोव्हेंबर १९९८
सहावा भाग लागला. मी उपाशीपोटी जाऊन बसलो. म्हटलं, नवा पिक्चर, नवं घर, नवा म्हातारा असंल.
काहाचं काय! कंजूस लेकाचे! पहिले दहा मिनिटं पाचव्याचंच रीळ जोडलं — मागं काय झालं ते दाखवाले. तोच हार, तेच रक्त. अन् या खेपेस लोकं ओळखूनच बसले होते. फोटो आला की टाळ्या.

१० नोव्हेंबर
काकूनं शनिवारही धरला.

१० ऑगस्ट १९९९
शनिवारी काकू विहिरीपाशी चक्कर येऊन पडल्या. डॉक्टर काकाजीवर ओरडले — बाईले उपाशी मारता काय? काकाजी म्हणे, बाईच ऐकत नाई तं मी काय करू! आवाज बसला होता त्याईचा.
मले राहवलं नाई. टायपिंगवाल्याकडून एक पत्र करून घेतलं, मुंबईहून आल्यासारखं. फोटो काढून टाकला, चूक झाली, माफी असावी. खाली दुसऱ्याच नावानं सही केली. नाचणगावले जाऊन काकूले वाचून दाखवलं. दोनदा वाचाले लावलं त्याईनं. मंग देवापुढं ठेवलं अन् उठून स्वयंपाकाले लागल्या. मंगळवार असून वरण-भात केला, मलेही बसवलं. जेवताना म्हणाल्या, "तू मनावर घेतलं म्हणून झालं रे."
पत्र तं खोटं. पण बाई जेवली तं! काकाजी फाटकापर्यंत सोडाले आले अन् खांदा दाबला. त्याईले समजलं होतं.

२४ नोव्हेंबर २०००
सातवा भाग. टाकीजमध्ये लागलाच नाई. सीधा केबलवर, भर दुपारी! मले तं पत्ताही नव्हता, संध्याकाळी काकाजीनं सांगितलं. चुडैल सुनेच्या सपनात येते, अन् सपनात पुन्हा तेच रीळ.
काकू टीव्हीसमोर गहू निवडत बसल्या होत्या. चार वर्षांत त्याईनं तो फोटो स्वतः पाह्यला नव्हता, नुसतं ऐकलंच होतं. आज पाह्यला. घरात, एकट्या.

२५ नोव्हेंबर
गेलतो. दार काकूनंच उघडलं. ते पत्र माह्या हातात दिलं अन् दार लावलं. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं.

९ डिसेंबर
आता रोजच एकवेळ, अन् मंगळवार-शनिवार तं निर्जळीच. काकाजी म्हणे, तू येऊ नको आता. तुले पाहून तुही काकू अजूनच हट्टाले पेटते.
मी काय करू? चुडैलले मारता येते, तिले दर भागात मारतात. रिळाले कोण मारंल?

१८ फेब्रुवारी २००१
काकूले सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. बाहेरूनच विचारून आलो.

३ मार्च
काकू गेल्या. आज शनिवार होता.
हिरवं लुगडं, मळवट भरलेला. बायका रांगेनं पाया पडून राह्यल्या होत्या — नशीबवान बाई, नवऱ्याच्या आधी गेली, भरल्या कपाळानं गेली. मी भिंतीले टेकून उभा होतो. काकाजीनं मले जवळ बोलावलं. वाटलं, आता मारतात. मारावंच. तं म्हणाले, "तिनं मले वाचवलं, प्रफुल." अन् ते गंमत करून राह्यले नव्हते.

२० मार्च
काकाजी दुकानात आले. मी आलुबोंडे मागवले. नको म्हणे, मंगळवार आहे. पाणीही घेतलं नाई. जन्मात एकादशी न धरलेला माणूस! जाताना म्हणाले, "आठवा भाग कवा येते, पाहून सांगजो. आता माह्यासाठी धरणारं कोणी नाई."