आतून कडी लावण्याच्या हक्कासह

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा वेताच्या खुर्च्या विणणे व गादीच्या खुर्च्या दुरुस्त करणे, राहणार स्वतःच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. येथे ‘कोणाच्याही दबावाखाली न येता’ असे घालायची पद्धत आहे. दबाव पुष्कळ आले. मी त्यांच्याखाली आले नाही, एवढेच खरे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो या कागदाला जोडला आहे. तो का घ्यावा लागला हे पुढे येईलच. डावा खुबा मात्र शाबूत नाही, त्यात लोखंड आहे. पण मृत्युपत्र कोणी खुब्याने लिहीत नाही.

मला एक मुलगा, त्याला सगळे थोरला म्हणतात, आणि एक लेक. पती हयात नाहीत. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. थोरल्याने एक कुलमुखत्यारपत्र तयार करून आणले होते, त्यावर मी सही केली नाही. कोठे सापडल्यास ते कोरे समजावे.

कलम १. घर व दुकान.

खाली दुकान, वर दोन खोल्या, मध्ये अरुंद जिना, अशी ही मिळकत माझ्या पतींची. ते खुर्च्यांचे सांगाडे जोडत, मी बैठकी विणत असे. ते गेले तेव्हा थोरला शाळेत होता आणि लेक माझ्या कडेवर. आठवडा उलटायच्या आत धाकटे दीर आले. माणूस वाईट नाही, हे मी आधीच नोंदवून ठेवते. ते म्हणाले, एकट्या बाईने दुकान चालवायचे म्हणजे विषाची परीक्षा. शटर ओढा, पोरांना घेऊन आमच्याकडे या, सुरक्षित राहाल. मी त्यांना चहा दिला आणि सोमवारी शटर उघडले. त्यानंतर कित्येक वर्षे ते यायचे ते कुलूप हलवून बघायला. मला सुरक्षित ठेवायला निघालेल्यांची रांग तेथून सुरू होते.

ही मिळकत माझ्या मृत्यूनंतर थोरला व लेक यांना निम्मी निम्मी मिळावी. विकावी की ठेवावी हे त्यांचे त्यांनी बघावे, मी वरून बघायला येणार नाही. माझ्या हयातीत मात्र ती कोणाही दलालाला दाखवायची नाही. वकील म्हणाले, बाई, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं, हयातीतल्या अटी त्यात बसत नाहीत. मी म्हटले, बसवा. मी आयुष्यभर न बसणाऱ्या गोष्टी बसवत आले आहे.

कलम २. दीर.

वर उल्लेखलेल्या धाकट्या दिरांना मी विणलेली उंच पाठीची आरामखुर्ची द्यावी. ती त्यांच्या मापाने केली आहे. त्यांचे गुडघे गेले, आता ते सुनेला विचारल्याशिवाय गच्चीवरही जात नाहीत. परवा फोनवर म्हणाले, “वहिनी, तुम्ही तेव्हा आमच्याकडे आला नाहीत ते बरंच केलंत.” एवढे ऐकायला मला पंचेचाळीस वर्षे थांबावे लागले. त्या वाक्यासाठी खुर्ची.

कलम ३. शिल्लक.

बँकेतली शिल्लक आधी माझ्या औषधपाण्यासाठी व गरज पडल्यास पगारी बाई ठेवण्यासाठी. उरेल ते दोघा भावंडांनी वाटून घ्यावे. त्यावरून भांडू नये, भांडण्याइतके ते नाही.

कलम ४. हत्यारे, आणि ती ज्यांना द्यायची त्यांच्याविषयी.

हे कलम लांबणार आहे. वकिलांनी कंटाळा करू नये.

दोन वर्षांपूर्वी थंडीत एक खुर्ची वर नेताना माझा पाय जिन्यावरून घसरला. खुर्ची वाचली, मी खाली आले. उठता येईना. ओरडून पाहिले, पण शटर बंद होते आणि रस्त्यावर वर्दळ. कपाटाखाली हातोडी पडलेली होती. कोपरावर सरकत मी तिथवर गेले, तिथून शटरपर्यंत गेले आणि आतून ठोकत राहिले. समोरच्या इस्त्रीवाल्यांना वाटले, आज बाईंनी कामाला लवकर सुरुवात केली. मग ठोकण्याची लय त्यांना चुकीची वाटली, आणि ते आले. मी बडबडत होते म्हणे, की खुर्ची गिऱ्हाइकाची आहे, तिला काही झालं नाही ना बघा.

शस्त्रक्रिया झाली. थोरल्याने मला दवाखान्यातून थेट आपल्या फ्लॅटवर नेले. उंच इमारत, लिफ्ट, गुळगुळीत फरशी. पहिला महिना मला त्याची गरज होती आणि त्याने काही म्हणजे काही कमी केले नाही, हेही येथे नोंदवते. पण मी वॉकर सोडून काठीवर आले, तरी घर काही काठीवर येईना. शेगडीजवळ जायचे नाही. सुरी हातात घ्यायची नाही. लिफ्टने एकटीने उतरायचे नाही. न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही, कारण पडलात तर दार फोडावे लागेल. थोरल्याने कडीच काढून टाकली. खोलीत एक कॅमेरा बसवला, म्हणजे ऑफिसातून त्याला मी दिसावी. मी त्यावर टॉवेल वाळत घालत असे. तो फोन करून म्हणायचा, “आई, टॉवेल काढ.” मी म्हणायची, ओला आहे.

हे सगळे मी सोसले असते. माणूस प्रेमापोटी करतो त्याला सोसणे म्हणायचे नसते. पण एके दिवशी सूनबाईंकडे कोणी पाहुण्या आल्या. त्यांनी मला विचारले, “तुम्हाला चहात साखर किती?” आणि मी उत्तरासाठी सूनबाईंकडे पाहिले.

मला माहीत होते साखर किती ते. जन्मभर घेत आले. तरी माझी मान तिकडे वळली. पाहुण्यांना त्यात काही दिसले नाही. सूनबाईंना दिसले. त्यांच्या हातातला चमचा तसाच राहिला.

संध्याकाळी मी थोरल्याला सांगितले की आता मी घरी जाते. तो म्हणाला, हेच तुझं घर. मी म्हटले, हे तुझं आहे आणि छान आहे. तेव्हा त्याने ते कुलमुखत्यारपत्र काढले. दुकान बंद पडून आहे, गिऱ्हाईक आले आहे, ही संधी पुन्हा येणार नाही, आणि त्या जिन्यावर तुला मी चढू देणार नाही. मी चष्मा सापडत नाही म्हटले. चष्मा माझ्या डोक्यावर होता, आणि ते त्यालाही दिसत होते.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला आणि सूनबाईंनी माझी पिशवी भरायला घेतली. मी काही मागितले नव्हते. टॅक्सीत त्या माझ्याशेजारी बसल्या. घाबरल्या होत्या. मी म्हटले, घरी वाद होईल तुमचा. त्या म्हणाल्या, “होऊ दे. मी तुम्हाला पळवून नेत नाहीये आई, पोचवायला चाललेय.” वाटेत त्यांनी त्याला फोन करून हेच शब्द सांगितले. लपवालपवी केली नाही.

थोरला आला तो डॉक्टरीणबाईंना घेऊनच. आईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, तिला भलेबुरे कळत नाही, असे लेखी मिळाले तर पुढचे त्याला सोपे जाणार होते. मी दुकानात बसले होते. बाईंनी विचारले, “आजी, आज वार कोणता?” मी वार सांगितला आणि म्हटले, आजी नको, खुर्चीवाल्या बाई म्हणा. मग तारीख, मुलांचे जन्म, शंभरातून सात वजा करत जाणे. वजाबाकी सावकाश केली पण बरोबर केली. शेवटी त्यांनी फाइल मिटली आणि साध्या आवाजात विचारले, “पुन्हा पडलात तर?”

मी सांगितले, पडू शकते. हाड पुन्हा मोडू शकते, या वयात मोडलेले माणूस उठत नाही असेही होते. कदाचित कोणाला कळायला वेळ लागेल. हे सगळे मला माहीत आहे आणि मला येथे राहायचे आहे.

डॉक्टरीणबाई थोरल्याकडे वळल्या. “यांना धोका तुमच्यापेक्षा जास्त नीट कळलाय. मी काय लिहून देऊ?”

त्या गेल्यावर थोरला जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. डोक्याचे केस पिकलेला माणूस, पण बसला तो शाळेत मार खाऊन आल्यासारखा. मला वाटले आता आवाज चढेल. तो चढला नाही.

“तू आत शटर ठोकत होतीस,” तो म्हणाला, “तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. इस्त्रीवाल्यांचा फोन मी दोनदा कापला. आता कुणाचाही फोन वाजला की माझे हात गार पडतात. उद्या तू पडलीस आणि मी पोचलोच नाही, तर मी काय करू?”

इतके दिवस मला वाटत होते, तो माझ्याशी भांडतो आहे. मी त्याच्याशेजारी बसायला गेले. पायरी दोघांना पुरेना, तर मी दुकानातली एक खुर्ची ओढून घेतली. म्हटले, “पोचला नाहीस तर नाही पोचलास. तुझ्या भीतीला औषध म्हणून मला कपाटात ठेवू नकोस, बाळा. मी तिथे टिकेन, पण जगणार नाही.”

त्याने जिन्याच्या भिंतीवर हात फिरवला. मग म्हणाला, निदान जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा हवा. मी म्हटले, हवाच. उजेडही हवा. खुर्च्या मी आता वर नेणार नाही. जे बरोबर आहे त्याला मी कधी नाही म्हटले? मला फक्त कोणी विचारले नव्हते.

कठडा त्याने स्वतः बसवला. ज्याने जन्मात माझी हातोडी उचलली नव्हती, त्याने रजा काढून तो बसवला. तो एका जागी तिरका आहे. मी त्याला सरळ करू दिलेला नाही.

इस्त्रीवाल्यांशी माझे ठरले आहे: सकाळी माझी वरची खिडकी उघडते, ती त्यांनी त्यांच्या टेबलावरून पाहायची. त्यांची इस्त्री तापेपर्यंत खिडकी उघडली नाही तर त्यांच्याकडची किल्ली लावून वर यायचे. आधी दार वाजवायचे. त्यांच्या दुकानाचे शटर उघडले नाही तर मी काठी घेऊन तिकडे जाते, कारण तेही एकटेच असतात. एका सकाळी तशी गेलेही. त्यांना ताप होता. मी त्यांच्या मुलाला फोन लावून दिला आणि सांगितले, त्यांना विचारून मग काय ते कर.

सूनबाई तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी येतात आणि विणायला बसतात. त्यांची वीण अजून सैल पडते, चौथ्या फेरीला हात ओढत नाहीत. तरीही माझी सर्व हत्यारे, म्हणजे आरी, कात्र्या, दोन्ही हातोड्या, वेत भिजवायचे पातेले आणि पतींचा रंधा, सूनबाईंना द्यावीत. त्यांनी धंदा करावा अशी अट नाही. पण कोणी त्यांना ‘हे बाईमाणसाला झेपायचं नाही’ असे म्हणाले, तर मोठी हातोडी त्यांच्या हाताशी असावी.

कलम ५. मी मी राहिले नाही तर.

हेही मृत्युपत्रात बसत नाही म्हणतात. लिहा.

माझी बुद्धी खरोखरच गेली, मी लेकीला ओळखेनाशी झाले, शेगडी पेटवून विसरू लागले, तर मला कोठे ठेवायचे हे लेकीने ठरवावे. थोरल्याने नाही. त्याचे प्रेम कमी म्हणून नव्हे, त्याला तो भार झेपणार नाही म्हणून. लेक दूर राहते, कमी बोलते आणि आकडे बघून निर्णय घेते. तिला मी फोनवर सगळे सांगितले. ती रडली, मग म्हणाली, “ठीक आहे. पण ते मी ठरवीन, शेजारच्या बायका नाही.” माझीच लेक आहे. तो दिवस आल्यानंतर मला कोठेही न्यावे, मी भांडणार नाही. तोवर भांडेन.

कलम ६. काही देता येत नाही अशांविषयी.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा नियम आहे. म्हणून इस्त्रीवाल्यांचे स्टूल मी गेल्या महिन्यातच नव्याने विणून दिले. डॉक्टरीणबाई काही घेत नाहीत.

कलम ७. शेवटचे, आणि हे थोरल्याने स्वतः वाचावे.

मी या घरात, या जिन्यावर, पडून किंवा झोपेत, दिवसा किंवा रात्री, एकटी असताना मेले तर त्यात कोणाचीही हयगय नाही. लोक विचारतील, आईला एकटीला कसे ठेवलेत. नातेवाईक विचारतील, आणि ज्यांनी वर्षभर फोन केला नाही ते आधी विचारतील. त्यांना हे पान दाखवावे. माझ्या मुलाने मला धोका सांगितला होता. एकदा नव्हे, रोज सांगितला होता. तो मी ऐकला, मला तो कळला, आणि मी विचार करून नाही म्हटले. हा निर्णय माझा आहे. तो माझ्या मुलाच्या नावावर कोणी करू नये, आणि त्याने स्वतःही तो आपल्या नावावर करून घेऊ नये. माझ्या मिळकतीपैकी एवढी एक गोष्ट मी कोणालाही ठेवून जात नाही.

त्या दिवशी त्याचा फोन वाजेल तेव्हा त्याने तो सावकाश उचलावा.

वरील मजकूर मी स्वतः सांगून वकिलांकडून लिहून घेतला, वाचला, एके ठिकाणी वकिलांनी घातलेला ‘असहाय’ हा शब्द खोडला, आणि खोडलेल्या जागी छोटी सही केली.

स्थळ: खालचे दुकान, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: चौदा मार्च, सकाळी.

सही: खुर्चीवाल्या बाई

साक्षीदार पहिले: इस्त्रीवाले, समोरचे दुकान. बाईंनी आमच्यासमोर सही केली. त्यांनी ती एका दमात केली. आम्हाला दोनदा करावी लागली.

साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टरीणबाई. सही करणाऱ्या बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. सही झाल्यावर त्यांनी मला विचारले, “झालं का? मग उठा, तुम्ही बसलाय त्या खुर्चीचं काम राहिलंय.”