काठापलीकडची काडतुसं

प्रिय मार्ला,

हे पत्र आमची शेजारीण ओपल तुझ्या कामाच्या दुकानात तुझ्या हातात देईल. घरच्या टपालपेटीत टाकलं नाही, कारण ती लाइल उघडतो. मागच्या खोलीत पोत्यांवर बसून वाच. शाळा मी जेमतेम केली, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, तेव्हा सावकाश. पण आधी हे ऐक: तुझ्या नवऱ्यानं तुझ्या बंदुकीसाठी भरलेलं एकही काडतूस झाडू नकोस. शनिवारी एल्कची शिकार सुरू होते, म्हणून ही घाई.

तुझ्या कोटाची चेन बसवली. खिसे रिकामे करताना मूठभर काडतुसं निघाली, ती मी ऑर्विनपुढे ठेवली. तुझ्या आजोबांचे हात हल्ली इतके थरथरतात की सूप शर्टालाच जास्त मिळतं. तळघरातल्या बाकावर बसले की मात्र हात गुमान ऐकतात.

लाइल त्याच बाकावर काडतुसं भरायला शिकला, तुमचं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात. आठवतं ना, ऑर्विननं त्याला बंदुकीची दारू कणाकणानं वाढवत काडतुसं भरायला लावली आणि ओढ्यापलीकडच्या पुठ्ठ्यावर एकेक झाडायला लावलं. दारू वाढेल तशी भोकं वर चढत जातात. मग एक टप्पा असा येतो की दारू वाढवली तरी भोकं त्याच उंचीवर पडतात. ऑर्विन त्याला सपाटी म्हणतो. "पोरा, हिच्या मधोमध भर. हात चुकतो, तराजू चुकतो, ऊन वाढतं. मधोमध असलास तर बंदूक एवढंतेवढं माफ करते. काठापलीकडे ती कुणाला ओळखत नाही." लाइल हसला होता. "आजोबा, तुमची गोळी एल्कपर्यंत चालत जाते." "चालत जाते, पण पोचते," म्हातारा म्हणाला. मला तो मुलगा तेव्हाही आवडला नव्हता. जेवणाआधी फार वेळ हात धुवायचा.

तर तुझ्या खिशातलं एक काडतूस ऑर्विननं उघडलं आणि दारू तोलली. मग दुसरं उघडलं. मग ताट सारून बसला. ती दारू सपाटीच्याच नाही, बंदूक सोसेल त्याच्याही पलीकडची आहे. नळी मागून बंद करणारा बोल्ट उडाला तर तोंडावरच येईल, मार्ला, आणि तू गाल टेकवूनच नेम धरतेस.

मी म्हटलं, घाईत चुकला असेल, पोराच्या बुडाखाली कायम निखारे असतात. लाइलची स्वतःच्या काडतुसांची पेटी त्याच्या मागच्या खेपेपासून आमच्या तळघरात पडली आहे, त्यातलं एक ऑर्विननं उघडलं. बरोब्बर मधोमध.

मी तुला फोन केला. लाइलनं उचलला. "आजी, ती झोपलीय." भर दुपारी. परत केला. "आजी, तुम्हाला काही काम नाही का?" गोड बोलतो, मेला.

आता जे फोनवर सांगता आलं नसतं ते. आमच्याकडे काठापलीकडचं काडतूस चाचणीसाठी भरलं, की त्याच्या बुडाला लाल शाई लावतात, म्हणजे ते चुकून कुणी डोंगरावर नेत नाही. लाइलनं स्वतःच्या हातानं कितीतरी रंगवली आहेत. तुझ्या काडतुसांची बुडं स्वच्छ होती. मी ती शिवणाच्या दिव्याखाली धरली. बुडातल्या ठिणगीच्या टोपीभोवती बारीक खाच असते, तिच्यात लाल राहिलं आहे, प्रत्येकाच्या. बाकीचं स्पिरिटनं पुसलंय, वास अजून येतो. विसरलेल्या माणसानं रंग तसाच ठेवला असता.

म्हणून हे पत्र. घरी जाऊ नकोस, कपड्यांसाठीही नाही. दुकानातून थेट ओपलच्या गाडीत बस आणि इकडे ये. शेरीफ स्वयंपाकघरात बसला आहे, काडतुसं टेबलावर आहेत, आणि ऑर्विन कोट घालून दारात उभा आहे. बस म्हटलं तरी बसत नाही. हा सगळा उन्हाळा तू लांब बाह्यांचे सदरे घातलेस. मी काही विचारणार नाही. शेरीफ विचारेल. त्याच्यासमोर बाह्या वर कर.

तुझीच,
इल्वा आजी