मी कुणाच्या पोटात होते?

आप्पा, तुमची नात आता पाच वर्षांची झाली. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ती आमच्याकडे आली, त्यामुळे तुमची आणि तिची भेट नाही. परवा तिने मला जे विचारलं, त्यावरून तुम्ही निफाडच्या घरी केलेलं पिठलं आठवलं. धाकट्या भावाच्या वेळी आई दवाखान्यात होती आणि स्वयंपाक तुमच्याकडे आला होता. आत्याने मला सांगितलं होतं की बाळं दवाखान्यातून विकत आणतात. मला वाटलं, मलाही तसंच आणलं असणार, आणि नवं बाळ आवडलं तर मला परत देतील. मी ताटावर नुसती बसून राहायचे. शेवटी तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही पिठलं तसंच स्टोव्हवर ठेवून माझ्यासमोर खाली बसलात. "बाळ आईच्या पोटात वाढतं. तू बी तिथंच वाढली. परत कुठं द्यायचं नसतं." ते पोटात कसं जातं, हे मी विचारल्यावर तुमचे कान लाल झाले. तरी तुम्ही सांगितलंत की आईच्या अंगातलं थोडं आणि बापाच्या अंगातलं थोडं एकत्र येतं, बाकीचं मोठी झाल्यावर कळेल. आत्या दारातून तुमच्यावर करवादली, पोरीशी असलं काय बोलतोस म्हणून. तुम्ही एवढंच म्हणालात, "खोट्यानं पोरीचं जेवण तुटलं, अक्का." पिठलं खाली लागलं होतं. ते मी पोटभर खाल्लं.

आम्ही गंगापूर रोडला राहतो. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना सातवा महिना आहे. परवा त्यांनी लेकीचा हात पोटावर ठेवून बाळाची लाथ दाखवली. संध्याकाळी मी मेथी निवडत होते, तेव्हा ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आई, मी पण तुझ्या पोटात अशीच लाथा मारायचे?" दत्तक घेतल्याचं तिला सांगायचं, हे आमचं ठरलेलं होतं, मीच आज-उद्या करत होते. हो म्हणणं फार सोपं होतं. मी जुडी खाली ठेवली. मग म्हटलं, "नाही गं. तू दुसऱ्या एका आईच्या पोटात वाढलीस. तिला तुला सांभाळणं शक्य नव्हतं. आम्हाला बाळ हवं होतं, म्हणून आम्ही तुला घ्यायला आलो."

तिने मेथीची पानं चुरगळली. मग विचारलं, "आता परत द्यायचं का मला?"

"नाही. तू आमचीच."

तिने मान हलवली आणि आम्ही घ्यायला आलो त्या दिवशी तिने काय घातलं होतं ते विचारलं. मी सांगितलं, पिवळं टोपडं. आणि बाबाने उचलल्या उचलल्या तू त्याचा चष्मा ओढलास. ते तिने मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं, आणि बाबा घरी आल्यावर त्याचा चष्मा ओढून पाहिला. आता ती सोसायटीत सगळ्यांना मला दोन आया आहेत म्हणून सांगते, जरा तोऱ्यातच. वहिनी जिन्यात मला हळूच म्हणाल्या की एवढ्या लहानपणी सांगायला नको होतं. मला राग आला नाही. सांगितलं त्या रात्री लेक दोन पोळ्या जेवली होती.

हे पत्र जाणार कुठेच नाही, म्हणून लिहिते. मी आनंदात आहे, आप्पा. फक्त लेक जिच्या पोटात वाढली त्या बाईला तिच्या लाथा कळल्या, मला नाही, याचा कधीकधी हेवा वाटतो. हे घरात कुणाजवळ बोललेले नाही.