सरळरावाचा दुसरा कप

३ जून

संपादकबाईंनी माझ्या कॉमिकचा खलनायक परत पाठवला. पाचवा! "याच्याकडे तोफ आहे, लोखंडी पंजा आहे, सात संवादफुग्यांत न मावणारं हसू आहे. माणूस कुठाय?" म्हटलं, खलनायकच हवाय ना? तर म्हणाल्या, "त्याला आपलंच बरोबर वाटायला हवं."

हे मला शिकवायला नको. मला थोरला भाऊ आहे.

५ जून

दादाला खलनायकाच्या कामाला लावलं. कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीवरची वाकडी फ्रेम सरळ करणार, मग माणसं. "तुझ्याच भल्यासाठी सांगतोय" — हे त्याचं हत्यार. सहा वर्षांपूर्वी चारचौघांत म्हणाला, "कॉमिक्स लिहिणं हा काय पुरुषाचा धंदा?" मी ताटावरून उठलो. तेव्हापासून बोलणं नाही.

तर — सरळराव! अख्खं शहर पट्टीने आखून सरळ करायला निघालेला. रस्ते, झाडं, धाकटे भाऊ.

६ जून

बाई खूश. घरी येऊन मीच माझी पाठ थोपटली. दुसरं आहे कोण? माझी फ्रेम वाकडी आहे. मुद्दाम.

११ जून

चित्रकाराने घोळ घातला. मी लिहिलं होतं: सरळराव एकटा चहा पितो. याने दोन कप काढले! दुसरा भरलेला, समोर रिकामी खुर्ची.

"सवयीने काढला हो. आमच्याकडे एकच कप कधी नसतो."

माझ्याकडे दुसरा नसतो. खोडा म्हटलं. बाईंनी खोडरबरच काढून घेतलं. "हात लावू नका! यानेच जिवंत झालाय तो. कुणाची तरी वाट बघतोय मेला."

२ जुलै

अंक निघाला. वाचकांची पत्रं — सरळराव कुणाची वाट बघतो? मला काय माहीत! दादाला विचारा.

५ जुलै

दादाने वाचला तर? छे. तो आणि कॉमिक्स!

बेल वाजली. इस्त्रीवाला.

९ जुलै

मी ऑफिसात असताना दादा येऊन गेला. शेजारीणबाईंनी किल्ली दिली — "नाक तुमचंच, म्हणून दिली. पाच मिनिटं बसले, गेले."

फ्रेम सरळ. टेबलावर अंक, तेच पान उघडं. सरळरावाकडे पेन्सिलीचा बाण: "हुबेहूब तू."

आणि दुसऱ्या कपाखाली, बारीक अक्षरात: "माझ्यात साखर नको. आता चालत नाही."